बैलाचा टोंगळा आणि चार ढिले नट

माझ्या नोकरीची पहिली दीड वर्षं मी एकच वाक्य बोलत होतो: "तो नट आवळू नका." मराठीत बोललो, हिंदीत बोललो, मोडक्या छत्तीसगढीत बोललो, इंग्रजीत टाइप करून चार प्रती काढल्या. लोखंडावर खडूने लिहिलं, मग तांबड्या रंगाने लिहिलं. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता. जिकडे पाहावं तिकडे माणसं नट आवळत होती. त्या सगळ्या नटांपैकी फक्त चार ढिले ठेवा, एवढंच माझं म्हणणं होतं. चार. ते चार काही ढिले राहीनात.

हे आठवायला निमित्त माझी नात. ती रायपूरला आर्किटेक्चर शिकते. गेल्या महिन्यात तिने मला मोबाइलवर एका परदेशी सभागृहाचं चित्र दाखवलं. छताचे खांब जिथे जमिनीला टेकतात तिथे हाडाच्या सांध्यासारखा गोल सांधा. खाली लिहिलं होतं की ही रचना निसर्गाकडून घेतली आहे.

"आजोबा, किती नवी कल्पना आहे ना!"

मी एवढा चिडलो की पुढ्यातला चहा तसाच राहिला. तिच्यावर नाही चिडलो. नवी कल्पना म्हणे! ही कल्पना भिलाईजवळच्या कोहक्यात राहणाऱ्या एका खलाश्याने मला शिकवली होती, तीही बैलाच्या पायावर हात ठेवून. त्याबद्दल मी त्याला काय दिलं, ते आजवर कुठे लिहिलं नाही. आता लिहितो.

खलाशी म्हणजे जहाजावरचा नव्हे. आमच्या कामात दोर, कप्पी आणि क्रेन लावून जड लोखंड वर चढवणाऱ्या आणि तिथे लटकून ते जोडणाऱ्या कामगाराला खलाशी म्हणतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, कारखान्याची शेड खांबांवर आणि तुळयांवर उभी असते. खरं तर ती सांध्यांवर उभी असते. तुळई सहसा मधोमध मोडत नाही, बिघडतं ते जोडावर. आणि सांधे दोन जातींचे. एक घट्ट, म्हणजे दोन तुकडे असे धरायचे की जणू एकच. दुसरा हलता, म्हणजे तुकडे सोबत राहतील, पण एकमेकांना थोडं सरकू देतील. पहिल्या जातीचं महत्त्व कुणालाही कळतं. दुसऱ्या जातीचं महत्त्व पटवण्यात माझ्या डोक्यावरचे केस गेले.

मी पवनीचा. घरात दोन माग होते, वडील लुगडी विणत. मॅट्रिकच्या पुढे गेलेला घरातला मी पहिला. जबलपूरला शिकायला निघालो तेव्हा शाळेतल्या गुरुजींनी स्वतःची कंपासपेटी माझ्या हातात ठेवली. पदवी मिळवून भिलाईला निघालो तेव्हा मोटारस्टँडवर अर्धी आळी हार घेऊन आली होती. ही फुशारकी नाही. पुढे मी जे केलं त्याचं मूळ त्या मोटारस्टँडवर आहे. एवढ्या लोकांनी हार घालून पाठवलेला माणूस नोकरी घालवून त्याच मोटारीने परत जाऊ शकत नाही, असं मला वाटे. आणि मी प्रोबेशनवर होतो.

निसर्गाने पहिली चपराक मला लवकरच मारली. खांबातून बाहेर येणाऱ्या एका आधाराचं चित्र मी काढलं होतं. भिंतीतून खुंटी यावी तसा जाड पत्र्याचा हात. त्याचा आतला कोपरा मी गुण्याने काटकोनात काढला. कागदावर फार देखणा दिसत होता. आधार तयार झाला, त्यावर चाचणीसाठी वजन ठेवलं, आणि नेमक्या त्या देखण्या कोपऱ्यातून केसासारखी भेग निघाली.

आमचे फोरमन शेंडे मिस्त्री माझ्याकडे पाहत उभे राहिले. रेल्वेच्या वर्कशॉपात हाड मुरवलेला नागपूरचा माणूस, पन्नाशीचा, मनगटं माझ्या पोटऱ्यांएवढी.

"इंजिनेर साहेब, तुमच्या कागदावर जसा कोपरा होता तसाच कापला जी. गुण्या लावून पाहा. काटकोन म्हंजे काटकोन."

"मिस्त्री, तुम्ही चुकलात असं मी कुठे म्हणतो?"

"मंग कोण चुकलं? लोखंड चुकलं?"

बाजूला लहानू बावणे दोर गुंडाळत बसला होता. लाखांदूरकडचा, चाळिशीचा, शेतात वाढलेला. भावांत वाटणी झाल्यावर वावर पुरेना म्हणून बायको, दोन मुली आणि बैलजोडी घेऊन कोहक्याला आला होता. जोडी त्याचा साळा विटांच्या बंडीला, म्हणजे बैलगाडीला, जुंपायचा आणि हा आमच्याकडे खलाशी.

"साहेब, झाडाले पाहा ना," तो म्हणाला. आवारात तोडायची राहून गेलेली एक बाभूळ होती, तिच्याकडे त्याने हनुवटी उडवली. "फांदी फुटते तिथं झाड कोपरा ठेवते का? भरून काढते. आमच्या गावचा वाढई नांगराले लाकूड पाहाले दोन-दोन दिस रानात हिंडे. जोडलेलं चालेच ना त्याले. जन्माचं वाकडंच पाह्यजे."

मी गेलो आणि बाभळीच्या बेचक्यात बोट फिरवून पाहिलं. कुठेही कोपरा नव्हता. खोड आणि फांदी एकमेकांत वळत गेली होती आणि जिथे ताण जास्त तिथे लाकूड जास्त होतं. हे आमच्या पुस्तकात होतं, पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत. मी ते परीक्षेत लिहिलंही होतं. नवा आधार गोल कोपऱ्याचा केला आणि तो टिकला. शेंडे मिस्त्री पुढे महिनाभर मला 'बाभळीवाले साहेब' म्हणत राहिले.

आता त्या चार नटांकडे येतो.

कच्चा माल पट्ट्यावरून वर नेण्यासाठी लोखंडी बोगद्यासारखी एक लांब तिरपी गॅलरी आम्ही उभारली. साधारण साठ मीटर. भिलाईचं ऊन ज्याने अंगावर घेतलं आहे त्याला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. थंडीतल्या पहाटेपासून उन्हाळ्यातल्या दुपारपर्यंत एवढं लोखंड बोटाच्या पेराहून जास्त लांबतं. ते लांबणारच, कुणाच्या बापाला थांबवता येत नाही. म्हणून गॅलरीचं खालचं टोक पक्कं बांधतात आणि वरचं टोक एका बुडाशी गोल असलेल्या पोलादी बुटावर ठेवतात. बूट सपाट पाटावर उभा. गॅलरी लांबली की बूट किंचित कलतो, आखडली की परत येतो. वाऱ्याने टोक उचललं जाऊ नये म्हणून बाजूला चार बोल्ट. पण त्यांची भोकं लांबट, आणि नट हाताने बसवून अर्धा आटा मागे सोडायचे. सुटून पडू नयेत म्हणून वर दुसरा नट घालून जागच्या जागी अडकवायचे. म्हणजे नट ढिला, पण पळणार नाही.

झालं एवढंच. चित्रात दाखवलेलं, बाजूला टीप लिहिलेली.

पहिल्या आठवड्यात रंगाऱ्याने लांबट भोकांत लाल शेंदरी रंग भरून ती बुजवली. मी ती खरवडून घेतली. मग गवंड्याने बूट आणि पाट यांच्यामधल्या सांदीत सिमेंट भरलं आणि थापीने छान गुळगुळीत केलं. "साहेब, फट रह गई थी, भर दी," असं म्हणून तो कौतुकाची वाट पाहत उभा राहिला. त्याला रागवताना मला रडू यायचं बाकी होतं. पण हे किरकोळ. खरं संकट सान्याल साहेबांच्या हातोडीचं.

सान्याल साहेब तपासणीचे अधिकारी. कामाला पक्के, जिभेला गोड. रिव्हेट किंवा नट घट्ट बसला आहे की नाही हे हातोडी मारून आवाजावरून कळतं. घट्ट असेल तर टणक वाजतो, ढिला असेल तर बद्द. बद्द वाजला की सान्याल साहेब त्याभोवती पांढरा गोल काढत. गोल दिसला की शेंडे मिस्त्रींची माणसं लांब दांड्याचा पाना घेऊन तो आवळत. माझे चारही नट अर्थातच बद्द वाजत. साहेब गोल काढत, मिस्त्री आवळत, मी ढिले करवत. पुढल्या फेरीला साहेब पुन्हा गोल काढत.

"बोरकर, ढीला नट मैं कैसे पास करूँ?" सान्याल साहेब विचारत. "मेरे रजिस्टर में ढीले का खाना ही नहीं है."

"ड्रॉइंग में लिखा है, साहब."

"तो वैद्य साहब से लिखवा के लाओ."

वैद्य साहेब आमचे विभागप्रमुख. त्यांच्या टेबलावर माझं ड्रॉइंग मी अकरा वेळा ठेवलं. अकरा वेळा ते दुसऱ्या कागदांखाली गेलं. त्यांचाही दोष नव्हता म्हणा. एकाच वेळी दहा ठिकाणी काम चालू होतं, आणि चार नटांसाठी कोण मान वर करणार?

मग मी शेंडे मिस्त्रींनाच समजावायचं ठरवलं. सगळ्या गँगला जेवणाच्या सुट्टीत बसवलं, खडूने जमिनीवर आकृती काढली, उष्णता, प्रसरण, सगळं सांगितलं. मिस्त्रींनी विडी संपेपर्यंत ऐकलं.

"साहेब, तीस वर्सं झाले मले नट आवळता-आवळता. आजलोक कोन्या साहेबानं ढिला ठेव मनून नाई सांगलं. ढिला सोडा अन् उद्या पडलं, तं मले पकडतीन का तुमाले?"

तेवढ्यात लहानू उठला. बाहेर त्याच्या साळ्याची विटांची बंडी उभी होती. "या इकडं," म्हणत त्याने आम्हाला नेलं आणि मोऱ्या नावाच्या बैलाच्या पुढच्या पायावर मधल्या सांध्यावर हात ठेवला. आमच्याकडे गुडघ्याला टोंगळा म्हणतात. (पुढच्या पायाचा तो टोंगळा नसून मनगट असतं, असं पुढे एका गुरांच्या डॉक्टरांनी मला सांगितलं. असो. आम्हाला बैल कधीच डॉक्टरांमार्फत भेटला नव्हता.)

"हे पाहा. वरचं हाड खाली गोल. खालचं हाड सपाट. मधात बांधलं आहे का काही? नाई. बाजूनं नसा हायेत, धरून ठेवतेत, पण आवळत नाईत. तुमचा बूट म्हंजे हाच. तुमचे बोल्ट म्हंजे ह्या नसा."

"अन् आवळलं तं?" मिस्त्रींनी विचारलं.

"माह्या बापाच्या बैलाचा टोंगळा मुरगळला होता. वैदूनं बांबूच्या कांबी लावून असा आवळून बांधला का विचारू नका. ढोर उठते कसं? आंधी टोंगळ्यावर येते, मंग मांगचं उचलते. टोंगळा वाकेच ना तं उठन कसं? उठाले गेला, सारा जोर खांद्यावर गेला अन् खांदा निखळला. टोंगळा तसाच मजबूत!" तो हसला नाही. "जिथं हालाचं तिथं बांधलं, तं दुसरीकडं तुटते, मिस्त्री."

माझ्या चार वर्षांच्या शिक्षणात मी यापेक्षा नेमकं वाक्य ऐकलं नाही. मिस्त्रींनी बैलाच्या टोंगळ्याला हात लावून पाहिला. मग म्हणाले, "बैल देवानं बनोला. गॅलरी कागदावरच्या माणसानं बनोली." आणि दुसऱ्या दिवशी पांढरे गोल दिसताच नट आवळले.

तोवर फाल्गुन लागला होता. ऊन वाढायला लागलं. मला सारखं दिसत होतं, की गॅलरी लांबायला बघते आहे आणि तिचा टोंगळा बांधलेला आहे. मी लहानूला बाजूला घेतलं. "रोज सकाळी पाळी सुरू व्हायच्या वेळेला जाऊन चारही ढिले करून ये, दिवसा हे पुन्हा आवळतीलच. मी सांगतो आहे. माझी जबाबदारी."

"तुमी सांगता ना जी? मंग झालं," तो म्हणाला.

तीन दिवस त्याने ते केलं. चौथ्या दिवशी काम अर्धं झालं असताना पहारेकऱ्याने त्याला शिडीवरून उतरवून पकडलं. हातात पाना आणि खिशात दोन नट. खालचा नट सोडवायचा तर वरचा काढून कुठेतरी ठेवावाच लागतो, आणि शिडीवर लटकलेल्या माणसाला खिशाशिवाय जागा नसते. पण पहारेकऱ्याला ते कसं कळणार? लोखंडचोर सापडला म्हणून गलका झाला, आणि दुपारपर्यंत त्याचं 'मुद्दाम नुकसान करणारा माणूस' झालं.

वैद्य साहेबांच्या पत्र्याच्या ऑफिसात चौकशी झाली. साहेब, सान्याल साहेब, शेंडे मिस्त्री, मी, आणि दाराशी लहानू. दोन महिन्यांनी तो पक्क्या नोकरीत घेतला जायचा होता. यादीत नाव होतं.

"कुणी सांगितलं तुला नट काढायला?" वैद्य साहेबांनी विचारलं.

लहानूने माझं नाव घेतलं नाही. "काम होतं जी. केलं," एवढंच म्हणाला. बोलायची जागा त्याने माझ्यासाठी मोकळी ठेवली होती.

साहेब माझ्याकडे वळले. "बोरकर, तू सांगितलं होतंस?"

मोटारस्टँड. हार. कंपासपेटी.

"नट ढिले असावेत असं मी सगळ्यांनाच म्हणत होतो, साहेब," मी म्हणालो. "पण काढायला... याला असं वेगळं काही सांगितल्याचं मला आठवत नाही."

लहानूने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वजन टाकायच्या आधी तो दोर ओढून पाहायचा, तसं पाहिलं. मग खिशातून हजेरीचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि गेला. मस्टरवरून त्याचं नाव त्याच दिवशी कमी झालं. 'पुन्हा चोरी होऊ नये म्हणून' चारही नट वेल्डिंगने बोल्टांना चिकटवून टाकले गेले.

वैशाखात एका दुपारी तोफ उडावी तसा आवाज झाला. गॅलरी लांबली, बूट कलू शकला नाही, सगळा जोर बुटाखालच्या काँक्रीटच्या चौथऱ्यावर गेला आणि तो तिरपा फुटला. जेवणाची सुट्टी होती म्हणून खाली कुणी नव्हतं. मी धावत गेलो. सांधा शाबूत होता. शेजारी तुटलं होतं, लहानूने सांगितलं तसंच.

वाचकांना वाटेल, आता तरी सगळ्यांना पटलं असेल. छे! निष्कर्ष असा निघाला की सिमेंट कच्चं होतं. गवंड्याला धारेवर धरलं. चौथरा नव्याने बांधला, सान्याल साहेबांनी येऊन हातोडी मारली, चारही नट टणक वाजले, आणि त्यांनी समाधानाने रजिस्टरात खूण केली. मी डोक्यावर हात मारून घेतला. पण तोंड उघडलं का? उघडलं, पण अर्धंच. प्रसरणाबद्दल बोललो, लहानूबद्दल नाही. पावसाळ्यानंतर मला कायम करायचं होतं आणि फाईल निघाली होती.

मधून मधून लहानू दिसे. साळ्याबरोबर बंडीवर विटा वाहत असे. आमच्याच कामावर विटा टाकून जाई. मी दिसलो की बैलांशी बोलू लागे.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा फुटेल आणि तेव्हा खाली माणसं असतील, हा हिशोब मला झोपेतही सुटत होता. शेवटी श्रावण संपता संपता मी कागद घेतला आणि लिहिलं. हे नट ढिले हवेत असं ड्रॉइंग सांगतं. लहानू बावणे याने ते माझ्या हुकमाने ढिले केले. चौकशीत मी खोटं बोललो. खाली सही केली.

वैद्य साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढला. "तुझी कायम होण्याची फाईल माझ्यासमोर आहे आणि हा कागद तू आज आणतोस?"

"हो साहेब."

"परत ने. मी पाहिलाच नाही."

मी नेला नाही. ते वैतागले. मग त्यांनी ढिगाऱ्याखालून ड्रॉइंग ओढून काढलं आणि पहिल्यांदाच नीट उघडलं. टीप वाचली. "अरे, हे स्पष्ट लिहिलंय! आधी का नाही दाखवलंस?"

मी अकरा हा आकडा गिळून टाकला.

त्यांनी वेल्डिंग तोडायचा हुकूम लिहिला, लहानूला परत घ्यायचा लिहिला, आणि माझं कायम होणं वर्षभर पुढे ढकलल्याचाही. तिन्ही एकाच शाईने.

तो हुकूम घेऊन मी सायकलने कोहक्याला गेलो. पोळ्याचा आदला दिवस होता. त्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना कोमट लोणी आणि हळद चोळतात. लहानू पळसाच्या पानाने मोऱ्याच्या खांद्याला लोणी लावत होता आणि पुटपुटत होता, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"कोन आले जी?" आतून त्याच्या बायकोने विचारलं.

"साहेब आले. पाट नोको आणू. उभेच राह्यतीन."

मी उभाच राहिलो. हुकूम पुढे केला, मी कागदात काय लिहून दिलं तेही सांगितलं. हुकूम घ्यायला त्याने हात पुसले नाहीत. खांदा झाला, मग खाली बसून त्याने टोंगळ्यालाही लोणी लावलं.

"मले वाचता येत नाई, साहेब. तुमी लिहिलं म्हंता. लिहिलं अशीन. पन खोटं तुमी तोंडानं बोलले, चार लोकाइसमोर."

"मग काय करू?"

"मंग खरंही तोंडानंच बोला. मिस्त्रीसमोर, गँगसमोर. तुमचा कागद मोठ्यानं वाचा. मी आयकतो. जमते तं सांगा, नाई तं विटा वाहाले माही बंडी हाये."

"जमेल," मी म्हणालो.

पुढे त्या सांध्याचं काय झालं ते आधी सांगून टाकतो. ते नट मी कामावर असेतो पुन्हा कुणी आवळले नाहीत. माझी परिपत्रकं वाचून नव्हे. दर पोळ्याला लहानू उरलेली हळद आणि लोणी आणून त्या बुटाला लावू लागला, आणि हळद लागलेल्या वस्तूला पाना लावायची भिलाईत कुणाची छाती नव्हती. नवा तपासणी अधिकारी हातोडी घेऊन आला की शेंडे मिस्त्रीच आडवे येत, "ओ साहेब, हातोडा नोका मारू. तो आमचा बैल हाये." याचा मला आनंद व्हायला हवा. पण खरं सांगू? अजूनही वैताग येतो. प्रसरणाचा नियम कुणी मानला नाही, लोण्याचा मानला! शेवटी मीच देखभालीच्या तक्त्यात लिहून टाकलं, 'वार्षिक ग्रीस, श्रावण अमावास्येच्या सुमारास.' ही तारीख दर वर्षी का हलते, असं मला वरून लेखी विचारण्यातही आलं. हलता सांधा आहे म्हणून, असं उत्तर द्यायचा फार मोह झाला होता.

आता त्या दिवसाचं. पोळा झाल्यावर दुसऱ्या सकाळी गँग गॅलरीखाली जमली. लहानू आला. हातात पाना नव्हता, पळसाच्या पानात बांधलेलं काहीतरी होतं. मी कागद उघडला आणि वाचला. 'चौकशीत मी खोटं बोललो' या वाक्याशी अडखळलो. समोरचे खलाशी जमिनीकडे बघत होते.

"ते जरा पुन्हा वाचा," लहानू म्हणाला.

मी पुन्हा वाचलं. या वेळी अडखळलो नाही.

शेंडे मिस्त्री उठले, छिन्नी आणि हातोडा घेतला, आणि या वयात शिडीवर चढू नका असं आम्ही म्हणत असताना स्वतः वर गेले. ज्या वेल्डिंगवर त्यांच्याच माणसांचा हात होता ते त्यांनी एकेक करून तोडलं. चौथं तुटल्यावर खाली हाक दिली, "लहानू, ये बे. तुह्या बैलाले सोड."

लहानू वर गेला. मीही मागोमाग गेलो. त्याने वरचे नट काढून उघड्या तळहातावर सगळ्यांना दिसतील असे धरले, मग ते मिस्त्रींच्या हातात दिले. खालचे नट अर्धा आटा मागे घेतले. वरचे पुन्हा बसवून अडकवले. बुटाला हळद आणि लोणी लावलं. खडूने बुटापासून पाटापर्यंत एक सरळ रेघ ओढली आणि म्हणाला, "आता उन्हाले येऊ द्या."

भादव्याचं ऊन दहा वाजल्यापासूनच भाजायला लागलं. आम्ही कामं करत होतो, पण दर घटकेला कुणी ना कुणी शिडी चढून रेघ बघून येत होतं. दुपारी आम्ही तिघं वर गेलो. रेघ तुटली होती. वरचा तुकडा खालच्यापासून एका तांदळाच्या लांबीएवढा सरकला होता.

शेंडे मिस्त्री वाकून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी लहानूच्या खांद्यावर हात ठेवला.

"उठला बैल," ते म्हणाले.